घोड्याचं पोट

अश्वारूढ पुतळा म्हटलं की समितीची मंडळी आधी महाराजांचा चेहरा बघतात. बीड जिल्ह्यातल्या एका बागेसाठी मातीकाम चालू होतं तेव्हाही तेच. "भाऊ, नजर जरा करडी पाहिजे." मी मान डोलवायचो. चेहऱ्याचं फारसं अडत नाही. चौथरा उंच, लोक खालून बघणार, म्हणून डोकं किंचित मोठं घ्यायचं. माझा जीव अडकलेला घोड्याच्या पोटात. ओली माती सुटते ती तिथंच. म्हणून आतल्या सांगाड्याला तारेनं लाकडी फुल्या टांगायच्या, त्यांना धरून पोट तगतं. त्यात आमच्याकडचा एप्रिल! सकाळी भिजवलेलं गोणपाट दुपारी खडखडीत, आणि पाणी टँकर येईल तेव्हा.

पोटानंतर पाय. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती लहानपणापासून बघत आलोय. अंग भरीव, पाय खांबासारखे. तोलाची काळजीच नाही. आमचं ब्राँझ पोकळ. घोड्याच्या बारीक नळीतून स्टीलचा पाइप चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये उतरतो, खरा पाय तो. 26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा कोसळला, उभारून वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून समित्याही सांगाड्याचं विचारायला लागल्या. बरंच झालं.

कोल्हापुरात रवींद्र मेस्त्रींनी ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर तोलला. छाती लागते त्याला. पण माझं मन रमतं ते पुण्यात, नानासाहेब करमरकरांच्या 1928 च्या शिवाजी महाराजांपाशी. अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांच्या घरी त्यांनी घडवलेली म्हैस आहे. ती बघितली आणि कळलं, हा माणूस जनावराचं वजन ओळखून होता. आम्ही मात्र घोडा फोटोवरून करतो आणि मग तो रबरी दिसतो. माळेगावच्या यात्रेत जाऊन घोड्यांच्या मांड्या चाचपून आलो, तेव्हा कुठं मागचा भाग जमला.

ओतकामात पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी मी एक भोक ठेवतो. सांध्यांतून पावसाचं पाणी झिरपतंच, त्याला वाट हवी. अनावरणाच्या आदल्या संध्याकाळी एक कार्यकर्ता एम-सील घेऊन ते बुजवायला चढला होता. म्हणे, फोटोत दिसतं. त्याला उतरवायला अध्यक्षांना बोलवावं लागलं.