हिरडस मावळांतील चाकें

सह्याद्रीच्या घाटवाटांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत धबधबे असतात, धुकें असतें, गडकोट असतात. परंतु ज्या वाहनानें प्रवासी तेथवर पोहोंचतो त्याचें चाक मात्र कोणाच्या वर्णनांत सांपडत नाहीं. चाक फिरत असतें तोंपर्यंत त्याची आठवण कोणास होत नाहीं, आणि तें एकदां चिखलांत बसलें म्हणजे वर्णन करण्याचा उत्साह कोणास उरत नाहीं. यंदा ज्येष्ठांत हिरडस मावळांत आमच्या पुतण्याच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथें आम्हीं जें पाहिलें त्यांत एका जीपगाडीचीं चार चाकें आम्हांस कोणत्याही गडाइतकींच पाहण्यासारखीं वाटलीं, म्हणून हा लेख.

पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघून कापूरहोळपाशीं उजवीकडे वळलें म्हणजे भोरची वाट लागते. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. राजवाडा मात्र अद्याप उभा आहे. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता पश्चिमेस निघतो, आणि पुढें नीरा-देवघर धरणाचा विस्तीर्ण जलाशय त्याच्या सोबतीस येतो. हाच हिरडस मावळ. १६६० सालीं घोडखिंडींत देह ठेवून जे अमर झाले ते बाजीप्रभु देशपांडे याच मावळचे. पुढें हा रस्ता वरंध घाटानें कोंकणांत उतरतो. घाटाच्या माथ्यावर तो कावळ्या किल्ल्याच्या अंगावरूनच फोडून काढलेला आहे, आणि वाघजाईच्या देवळापाशीं उभें राहिलें म्हणजे खालीं शिवथरचें खोरें दिसतें. दासबोधाचें लेखन जेथें झालें अशी समर्थभक्तांची श्रद्धा आहे, आणि जी शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं उजेडांत आणली, ती घळ याच खोऱ्यांत आहे. उन्हाळ्यांत हा मुलूख तापलेला व तांबूस दिसतो. आषाढ लागला कीं पाण्याशिवाय कांहीं दिसत नाहीं. दरडी कोसळत असल्यामुळें पावसाळ्यांत घाट वाहतुकीस पुष्कळदां बंद ठेवावा लागतो. त्या दिवसांत येथील लोकांना कोंकणचें दार मिटलेलें असतें व भोरचें तेवढें उघडें राहतें.

आमच्या पुतण्याचें घर मुख्य रस्त्यापासून दीड कोस आंत आहे. डांबर संपल्यावर एक ओढा उतरावा लागतो, मग दगडगोट्यांचा चढ, आणि त्यानंतर भातखाचरांच्या बांधांमधून गेलेली चाकोरी. घरांत आमच्या वहिनी, वय ब्याऐंशी. पुतण्या, सूनबाई, आणि अकरावींत शिकणारी त्यांची मुलगी. धाकटा पुतण्या सहकुटुंब पुण्यास असतो व सणासुदीस येतो. अंगणांत एका बाजूस तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूस गोठा, आणि गोठ्याच्या पडवींत महिंद्र कंपनीची एक जुनी जीप. या कंपनीनें मुंबईंत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. तेव्हांपासून डोंगरी मुलखांत या वाहनानें बैलगाडीची जागा जितकी घेतली तितकी दुसऱ्या कोणत्या वाहनानें घेतली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ओढ्याला गुडघाभर पाणी असतां वाडींतून बाहेर काढणारें दुसरें वाहन तेथें नाहीं. म्हणून ती जीप नांवाला पुतण्याची असली तरी व्यवहारांत साऱ्या वाडीची आहे.

बैलगाडी म्हटली कीं तिची धाव आठवते. जुन्या पिढींतील वाचकांनीं लोहाराच्या दारांत धाव चढवितांना पाहिली असेल. लोखंडाचें कडें गोवऱ्यांच्या विस्तवांत लाल होईपर्यंत तापवायचें, फुगलेलें कडें लांकडी चाकावर बसवायचें, आणि लगेच पाणी ओतून निववायचें. लोखंड आकसलें कीं तें चाकाला असें कवटाळतें कीं खिळ्याचें काम उरत नाहीं. संस्कृतांत हिलाच नेमि म्हणतात. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीपाच्या प्रजेला कालिदासानें याच नेमीची उपमा दिली आहे, कारण घालून दिलेल्या चाकोरीबाहेर ती रेसभरही जात नसे. आजचा रबरी टायर ही त्या नेमीचीच नात. १८८८ सालीं डनलॉप नांवाच्या एका पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवा भरलेली रबरी नळी चाकाभोंवतीं गुंडाळली, आणि लोखंडी धावेचा खडखडाट हळूहळू जगांतून मावळूं लागला. ज्याला आपण सारे ‘स्टेपनी’ म्हणतों त्या शब्दाची कुळकथाही मौजेची आहे. वेल्स प्रांतांत लानेली नांवाचें गांव आहे; तेथील स्टेपनी रस्त्यावरील एका दुकानांत १९०४ सालच्या सुमारास जादा चाक विकावयास निघालें. त्या रस्त्याचें नांव सातासमुद्रांपलीकडे आमच्या मावळांत येऊन बसलें आहे, आणि वहिनींसारख्या वृद्ध स्त्रीच्या तोंडींही तें अगदीं घरचें होऊन गेलें आहे.

आम्ही पोहोंचलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं चारही चाकांचे टायर बदलावयाचे होते. नवे टायर पुतण्यानें पुण्याहून आणले होते. त्यांचे ठोकळे उंच, व दोन ठोकळ्यांमध्यें मोकळी खांच. चिखल त्या खांचांतून बाहेर फेंकला जातो व चाक जमीन धरतें. नेहमींच्या रस्त्यांसाठीं कायद्यानें मोटारीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. चिखलाच्या वाटेवर तेवढ्या नक्षीनें मुळींच भागत नाहीं. जुने टायर अगदीं गुळगुळीत झाले नव्हते, पण पावसाळा तोंडावर होता. ही कामें भोरच्या दुकानांत यंत्रावर होतात. तरीही पुतण्या तीं घरीं करतो, कारण तो म्हणाला, “काका, दुकान नेहमीं भोरलाच असतें, आणि चाक बसतें तें ओढ्यांत. येथें सवय ठेवली तर तेथें हात चालतो.”

काम पाहतांना आम्हांस त्यांतील शास्त्र हळूहळू उमगत गेलें. प्रथम उरलेल्या चाकांमागें दगडांची उटी लावली. मग गाडी उचलण्यापूर्वींच चाकाचे पांचही नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले, कारण चाक अधांतरीं झाल्यावर तें नटाबरोबर फिरूं लागतें. या जीपच्या डाव्या अंगाच्या नटांचे आटे उलटे आहेत. नेहमींच्या समजुतीनें पाना फिरविणारा मनुष्य तो नट सोडविण्याऐवजीं अधिकच आवळतो. चाक निघाल्यावर व्हॉल्व्हमधील सुई काढून हवा पूर्णपणें जाऊं दिली.

यापुढचें काम खरें कठीण. टायरची कड वर्षानुवर्षांच्या गंजानें व चिखलानें लोखंडी रिमला चिकटून बसलेली असते. ती हातानें किंवा पायानें सुटत नाहीं. पुतण्यानें चाक जीपच्या पुढच्या लोखंडी बंपरखालीं आडवें ठेवलें, जॅकचा पाया रिमला लागून टायरवर टेंकवला, जॅकचा माथा बंपरला लावला व दांडा चालविला. गाडीचें ओझेंच कड खालीं दाबूं लागलें, आणि थोड्या वेळानें ‘फट्’ असा आवाज होऊन ती सुटली. ज्या भारासाठीं टायर आहे त्याच भारानें तो सोडवावयाचा, ही युक्ति आम्हांस फार आवडली.

नंतर कडेला साबणाचें पाणी लावून हातभर लांबीच्या दोन लोखंडी पट्ट्या घेतल्या. येथें काम नातीनें हातीं घेतलें. आम्हांस वाटलें, एवढ्या ताठ टायरला या मुलीचें बळ पुरणार कसें? ती हंसून म्हणाली, “आजोबा, यांत बळ नाहीं, भूमिति आहे.” टायरच्या कडेंत पोलादी तारा असतात, म्हणून ती ताणली जात नाहीं. परंतु रिमच्या मध्यभागीं एक खोलगट पन्हळ असते. एका बाजूची कड गुडघ्यानें दाबून त्या पन्हळींत ढकलली म्हणजे समोरच्या बाजूस तेवढी सैल पडते, आणि मग पट्टी घालून ती सहज वर येते. समोरची कड पन्हळींत नसेल तर पहिलवानासही ती निघत नाहीं. उलट पट्टी निसटून तोंडावर बसते. एका खेपेस वीतभरच कड उचलायची, अधिक नाहीं, हा दुसरा नियम.

जुना टायर निघाल्यावर रिमचा गंज तारेच्या ब्रशानें खरवडला. नव्या टायरच्या आंतून उघडा हात न फिरवितां फडकें फिरवून पाहिलें. आंत कांहीं टोंचणारें असेल तर तें बोटाआधीं फडक्यास सांपडतें. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावली, म्हणजे ती टायरला चिकटत नाहीं. तिच्यांत थोडीशी हवा भरून तिला गोल आकार दिला, कारण रिकाम्या ट्यूबला घडी पडते व पुढें तेथेंच ती फाटते. टायर चढवितांना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनें करून शेवट व्हॉल्व्हपाशीं केला. व्हॉल्व्ह एकदां आंत दाबून ट्यूब कडेखालीं चिमटली नाहीं याची खात्री करून घेतली. हवा भरून एकदां सारी सोडून दिली व पुन्हां भरली, म्हणजे राहिलेल्या सुरकुत्या जातात.

हवा भरतांना पुतण्याची सारी थट्टामस्करी बंद झाली. कड रिमवर नीट बसण्यापूर्वीं दाब ४० पौंडांपलीकडे जाऊं द्यावयाचा नाहीं, व चाकावर ओणवें व्हावयाचें नाहीं, हा त्या घरचा कडक नियम आहे. तेवढ्यानें कड बसली नाहीं तर हवा सोडावी, पुन्हां साबणपाणी लावावें, पण दाब वाढवूं नये. कोंडलेली हवा ही कोंडलेली शक्तिच असते, आणि फुटलेल्या टायरनें माणसें दगावलेलीं आहेत. मालमोटारींच्या कांहीं चाकांना वेगळी लोखंडी कडी असते; तीं चाकें तर घरीं कधींही उघडूं नयेत. टायरच्या अंगावर रिमजवळ एक बारीक रेघ असते. ती सर्वत्र रिमपासून सारख्या अंतरावर दिसली कीं कड बसली असें समजावें. शेवटीं नट ओळीनें न आवळतां एकाआड एक, तारा काढावा तसे आवळले, आणि शंभर किलोमीटरच्या आंत ते पुन्हां एकदां आवळून पाहण्याचें ठरलें. चाकाचा तोल मात्र घरीं मोजतां येत नाहीं. वाडीच्या वाटेवर त्यावांचून अडत नाहीं. परंतु मोठ्या रस्त्यानें वेगानें जावयाचें तर तो यंत्रावर पाहून घेतलाच पाहिजे.

हें सारें चाललें असतां ओटीवर दुसराच विचार चालला होता. धाकटा पुतण्या त्याच दिवशीं पुण्याहून आला होता. त्याचें म्हणणें असें कीं आईचें वय झालें. येथें वैद्य नाहीं, वीज जाते, वाट वाहून जाते. जीप विकावी, जमीन खंडानें द्यावी, आणि सर्वांनीं पुण्यास यावें. त्याच्या बोलण्यांत स्वार्थ नव्हता. सूनबाई निमूटपणें ऐकत होत्या. वहिनी वाती वळीत होत्या, त्या म्हणाल्या, “गेल्या आषाढांत खालच्या वाडीच्या सुनेला रात्रीं साप चावला, तेव्हां ही जीप नसती तर?” त्या रात्रीचा वृत्तान्त आम्हांस मागाहून कळला. ओढ्यापलीकडे एक चाक बसलें. स्टेपनी आदल्याच दिवशीं फाटलेली. पुतण्या व नात यांनीं विजेरीच्या उजेडांत, भर पावसांत, तेंच चाक उघडून ट्यूब बदलली. सर्पदंशावर जो रामबाण उपाय आहे ती लस भोरच्या सरकारी रुग्णालयांत मिळाली, आणि ती बाई आज दोन लेंकरांना घेऊन खाचरांत काम करते आहे. धाकटा पुतण्या यावर कांहीं बोलला नाहीं. तिसऱ्या प्रहरीं तो अंगणांत उतरला, सदऱ्याच्या बाह्या मागें सारल्या, आणि चौथें चाक आवळण्यास त्यानें पाना हातीं घेतला. पुण्यास जाण्याचा प्रश्न त्यामुळें मिटला असें नाहीं. वहिनींचें वय वाढतच जाणार. परंतु नवे टायर चढविणाऱ्या घरानें निदान पुढचे तीन पावसाळे तेथेंच काढावयाचे ठरविलें आहे, एवढें आम्ही समजलों.

महाभाष्यकार पतंजलि म्हणतात कीं ज्याला घट हवा तो कुंभाराच्या घरीं जाऊन ‘घट कर’ असें सांगतो. शब्द हवा म्हणून वैयाकरणाच्या घरीं मात्र कोणी जात नाहीं. आपल्या पांढरपेशा घरांत आपण या दृष्टान्ताचा पूर्वार्ध तेवढा पक्का धरून बसलों. घट कुंभारानें करावा, खिळा लोहारानें ठोकावा, चाक दुकानदारानें उघडावें, आणि आपण शब्द तेवढे जाणावे! जेथें कुंभाराचें घर हांकेवर आहे तेथें हें चालतें. ओढ्याच्या पलीकडे, मध्यरात्रीं, तें चालत नाहीं. काळे झालेले हात साबणानें धुतां येतात. हात बांधून उभें राहिल्याचा पश्चात्ताप तसा धुतां येत नाहीं.

या बाजूस जाऊं इच्छिणाऱ्यांस दोन शब्द. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. भातें कापलेलीं असतात, हवा स्वच्छ असते, व वाघजाईपाशीं गरम भजीं मिळतात. पावसाळ्यांत निघण्यापूर्वीं घाट खुला आहे कीं नाहीं याची चौकशी भोरलाच करावी. वाहन कोणतेंही असो, स्टेपनींत हवा आहे ना, जॅक चालतो ना, आणि पाना आपल्याच नटांना बसतो ना, हें घरच्या अंगणांत एकदां पाहून घ्यावें. व तें पाहतांना घरांतील मुलामुलींस जवळ बसवावें.