चोवीस हॉर्सपॉवर आणि लाकूडफाटा

आंब्याची सहा इंच जाडीची फांदी पाडायला चेनसॉला काही मिनिटं पुरतात. ती फांदी आणि तिच्याबरोबर आलेला डहाळ्यांचा पसारा बागेतून मांगरापर्यंत आणायला मात्र दोन गड्यांची अख्खी सकाळ जाते. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या बागेत खाली हापूसची जुनी कलमं, वर भरडावर काजू आणि गडग्याच्या कडेने ऐन, किंजळ, कुडा असं आपोआप वाढलेलं रान आहे. कलमं इतकी उंच गेली होती की मधल्या फांद्यांना ऊनच मिळेना. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या आंबाबागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची पद्धत सांगितली आहे. तिच्याप्रमाणे थोडी थोडी कलमं खाली आणायला घेतली. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावून झाली आणि खाली पडलेला माल बघून डोक्याला हात लावला.

ट्रॅक्टर घरात होताच. २४ हॉर्सपॉवरचा मिनी, चारही चाकं ओढणारा. ऐपत असती तरी मोठा घेतला नसता, कारण आमची पाणंद दोन गडग्यांमधून जाते आणि मोठ्या ट्रॅक्टरने पहिल्याच दिवशी चिरे पाडले असते. प्रश्न होता तो त्याच्यामागे काय लावायचं हा.

दुकानात गेलं की यादी ऐकवतात: रोटाव्हेटर, स्लॅशर, मल्चर, चिपर, पुढचा लोडर, लाकूड फोडायचं यंत्र. प्रत्येकाबद्दल वाक्य ठरलेलं, "साहेब, चोवीसला आरामात चालतं." दुकानासमोरच्या सपाट अंगणात फिरवून दाखवतातही. मी दोन आकडे पाठ करून गेलो होतो. पहिला पीटीओचा. इंजिनाचे २४ हॉर्सपॉवर मागच्या शाफ्टला पूर्ण मिळत नाहीत, २२च्या आसपास पोचतात; फिरणाऱ्या अवजाराला तेवढ्यावरच भागवावं लागतं. दुसरा लिफ्टचा. कागदावर ७५० किलो लिहिलेलं असतं, पण ते लिफ्टच्या दांड्यांच्या टोकाशी. ओझं जसं मागे सरकतं तसा आकडा खाली येतो. सहा फूट लांब, फूटभर जाडीचा ओला ओंडका सव्वाशे किलोच्या घरात जातो. असे चार ओंडके दांड्यांपासून चार फूट मागे लटकवले तर लिफ्टचं पुढचं पुढे, आधी ट्रॅक्टरची पुढची चाकंच जमीन सोडतात.

हे मला गणिताने कळलं होतं, आमच्याकडच्या जुन्या गड्याला नजरेने कळलं. चढावर स्टिअरिंग हलकं झालेलं बघून तो बाजूनेच ओरडला, "थांबा, थांबा! ह्येका फुडे वजन व्हया!" बरोबर तेच. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला, तर चाकं वळवल्याचा उपयोग होतो. पुढे अडकवायची लोखंडी वजनं मिळतात, ती घेतली. लोडर मात्र घेतला नाही. लोडर ओझं वर नेतो, आणि वर गेलेलं ओझं आडव्या उतारावर ट्रॅक्टर कलंडवतं. शिवाय मिनीचा पुढचा ॲक्सल काही ओंडके पेलायला केलेला नसतो. सपाट खळ्यात शेण-माती ओढायला तो उत्तम असेल. आमच्या बागेत सपाट जागा घरापुढच्या अंगणापुरतीच आहे.

मला हवं होतं ते जमिनीलगत राहणारं आणि ट्रॅक्टरला चिकटून बसणारं काहीतरी. तसं तयार मिळालं नाही, म्हणून वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडून करून घेतलं. जाड सी-चॅनेलची चौकट, तिला लिफ्टच्या दांड्यांसाठी दोन पिना आणि वर टॉप लिंकचा कान. चौकटीच्या तळातून मागे जाणारे चौकोनी पाइपचे चार दात. दातांची टोकं तिरपी कापून बंद केलेली, म्हणजे दगडाला अडकत नाहीत आणि आत माती भरत नाही. पाठीला उभी जाळी, कारण ढीग पुढे घसरला तर थेट चालवणाऱ्याच्या पाठीत येतो. मिस्त्री दात पाच फुटांचे करायला निघाला होता. "माल जास्त बसेल," म्हणाला. मी साडेतीन फुटांवर अडून बसलो. दीड फूट जास्तीचा माल म्हणजे दीड फूट जास्त मागे लटकणारं वजन. गड्यांनी त्याचं नाव 'माचो' ठेवलं. आता घरात सगळेच तसं म्हणतात.

माच्याचं अर्धं काम फांद्या तोडतानाच होतं. तोडणारा फांद्या पडतील तशा टाकून पुढे गेला तर दात कितीही चांगले असोत, गुंता वर येतो आणि अर्धा वाटेत सांडतो. म्हणून आधी जमिनीवर दोन जाडसर लाकडं आडवी टाकायची, म्हणजे ढिगाखाली दात सरकायला फट राहते. त्यांच्यावर फांद्या रचायच्या, सगळे बुंधे एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या. ट्रॅक्टर बुंध्यांच्या बाजूने मागे घ्यायचा. जड भाग चाकांजवळ येतो, शेंडे मागे लोळत येतात. दात घालताना टॉप लिंक लांब करून टोकं खाली टेकवायची, ढीग बसला की लिंक आखडून टोकं वर करायची. उचलायचं ते जमिनीपासून वीतभरच. आमचे आबा, माझे चुलते, हे सगळं गडग्यावर बसून बघत होते. म्हणाले, "कवळाचे भारे आम्ही असेच बांधायचो, बुंधे एकीकडे." लोखंड नवं आहे, रीत त्यांच्याच वेळची.

मोठे ओंडके माच्यावर घेत नाही, साखळीने ओढतो. साखळी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकच्या जागी किंवा ॲक्सलला साखळी बांधणारे लोक मी पाहिले आहेत. ओंडका मुळाला अडला की तिथे ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागे उलटतो. क्लचवर पाय नेण्याइतकाही वेळ मिळत नाही. ओंडक्याचं पुढचं टोक थोडं उचललेलं असलं तर तो माती नांगरत येत नाही, एवढीच मदत लिफ्टकडून घ्यायची.

रान साफ करण्याचं गणित वेगळं. काजूत रानमोडी आणि टणटणी माजते, करवंदीच्या जाळ्या पसरतात, आणि माघ-फाल्गुनात गवत वाळलं की वणव्याची धास्ती. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांमध्ये मल्चर चालताना बघितला की मोह होतो. छाटणीच्या काड्या ओळीत टाकायच्या, वरून ट्रॅक्टर न्यायचा, मागे भुसा. पण तिथे काड्या बोटाएवढ्या, ओळी सरळ आणि जमीन मऊ. आमच्याकडे गवतात जांभा डोकं वर काढून बसलेला असतो. मल्चरच्या हातोड्या त्याच्यावर घासून बोथट होतात, आणि वजनाने तो आमच्या लिफ्टलाही जडच. मी चार फुटी रोटरी स्लॅशर घेतला. त्याची पाती बोल्टवर सैल झुलतात, दगडाला लागली की मागे मुडपतात. फार जोराचा दणका बसला तर शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटलेल्या बोल्टच्या जागी घरातला जाड, कडक बोल्ट ठोकायचा मोह टाळावा, नाहीतर पुढच्या दणक्याला गिअरबॉक्स तुटेल. स्लॅशरचा खरा दोष म्हणजे तो दगड फेकतो. मागेपुढे साखळ्यांची झालर असलेलाच घ्यावा आणि तो चालू असताना आसपास माणूस, गुरंढोरं कोणी नको.

उतारावर तो वरून खाली असाच चालवतो, आडवा नाही. जिथे ट्रॅक्टर नेणं बरं वाटत नाही तिथे खांद्यावरचा ग्रास कटर आणि कोयता आहेतच. दिवाळीच्या सुमारास, रानमोडी फुलावर यायच्या आत, एकदा स्लॅशर फिरवला की तिचं बी पडत नाही. तोच पट्टा पुढे उन्हाळ्यात वणव्याला आडवा येतो. टणटणीला मात्र स्लॅशर पुरत नाही. ती बुडातून पुन्हा फुटते, पहारीने मुळं काढावी लागतात.

चिपर भाड्याने आणतो. आमच्या ट्रॅक्टरवर चालणारा चिपर तीन-चार इंचांपर्यंतच्या फांद्या खातो, आणि ओल्या फांद्या सुक्यांपेक्षा सहज खातो. पण त्याचं काम वर्षातले थोडेच दिवस. एरवी तो मांगरात जागा अडवून बसतो. तालुक्यात औजार बँक असेल किंवा चार बागायतदार एकत्र येत असतील तर तसंच करावं. निघालेला चुरा कलमांच्या आळ्यात टाकतो, बुंध्यापासून हातभर दूर, नाहीतर वाळवीला आपणच आवतण देतो. काजूला रोठा लागला असेल तर त्या झाडाचं लाकूड चिपरमध्येही नाही आणि बागेतल्या ढिगावरही नाही. ते लगेच जाळायचं. खोडातली अळी लाकूड तोडल्याने मरत नाही.

या सगळ्यांच्या आधी ट्रॉली. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लहान, एका ॲक्सलची, डंपिंगची घ्यावी. उतरताना खालचा गिअर टाकावा आणि दोन्ही ब्रेकचे पॅडल जोडून घ्यावेत. लाकूड फोडायचं यंत्र मी घेतलं नाही. न्हाणीच्या चुलीला आणि गणपतीच्या स्वयंपाकाला लागणारं लाकूड कुऱ्हाडीने फुटतं, बाकीचं आम्ही ओंडक्यानेच विकतो.

आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर ही झाडं आपल्या जागेत असली तरी मुळातून तोडायला परवानगी लागते. १९६४चा वृक्षतोडीचा कायदा आहे. गडग्याकडेचं रान काढताना हे आधी बघावं. अवजारावर अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नये. आमच्या माच्यासारख्या मिस्त्रीच्या हातच्या वस्तूला अनुदान मिळत नाही, हेही ओघाने आलंच.

आणि पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर. बऱ्याच बागांमध्ये ते पहिल्याच महिन्यात काढून फेकलेलं दिसतं, कारण ग्रीस मारताना आड येतं. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बागेत पाला गोळा करणाऱ्या बायकांचा पदर आणि गड्यांच्या गळ्यातला टॉवेल त्याच्यापासून हातभर अंतरावर असतो. अवजार घेताना कव्हर लावलेलं आहे की नाही ते आधी बघा, नसेल तर बसवून मिळेपर्यंत बिल करू देऊ नका.