चाकांवरचं घर आणि एक भोवरा

लेकाकडे अमेरिकेला आले की दोन-तीन आठवड्यांत मला घर खायला उठतं. हे ओळखून यंदा जूनमध्ये त्याने एक आरव्ही भाड्याने आणली. आरव्ही म्हणजे काय ते आधी सांगते. घर म्हणावं तर चाकं आहेत, आणि गाडी म्हणावी तर आत मोरी आहे! दोन शेगड्या, इवलासा फ्रीज, घडीचं टेबल. तळावर पोचलं की विजेची वायर लावायची, पाण्याची नळी जोडायची आणि सांडपाण्याची जाड नळी गटाराच्या तोंडाला. हे शेवटचं काम अर्थातच लेकाचं. "शाळेत असताना मोरी धुवायला सांगितली की पळायचास ना?" असं मी म्हणून घेतलंच.

पोर्टलंडपासून युजीन साधारण पावणेदोनशे किलोमीटर. शुक्रवारी रात्री पोचलो. शनिवारी कसलीच घाई नव्हती. सकाळी चहा घेऊन बाहेर खुर्ची टाकून बसले. नात उशिरापर्यंत झोपली. सूनबाई म्हणाली, "आई, आज घड्याळ बघायचं नाही." बेचाळीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढलेल्या बाईला हे सोपं नसतं हो!

युजीनला यायचं खरं कारण माझी मैत्रीण. आम्ही दोघी सावंतवाडीला एकाच शाळेत. ती गणित शिकवायची, मी मराठी. आता ती लेकीकडे असते. अकरा वर्षांनी भेटलो. गुडघ्यांमुळे ती दारापर्यंत आली नाही, खुर्चीतूनच ओरडली, "अगं, किती पांढरी झालीस!" घावणे आणि नारळाचा रस तयार होता. पोटभर खाल्लं, गेलेल्या माणसांची उजळणी झाली, थोडं रडलो, मग तिची लेक आम्हाला शनिवारच्या बाजारात घेऊन गेली. मैत्रिणीसाठी चाकाची खुर्ची घेतली होती.

हा बाजार १९७० साली लॉटी स्ट्राइसिंगर नावाच्या, मातीची भांडी घडवणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने सुरू झाला. एप्रिलपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी गावच्या मध्यावर भरतो. शेजारी शेतकऱ्यांचा भाजीबाजार. इथला एक नियम मला फार आवडला : जो बनवेल त्यानेच विकायला बसायचं. दुसऱ्याचा माल आणून मांडायचा नाही. शिवाय ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, त्यामुळे चिठ्ठीवर लिहिलेली तीच किंमत. माझ्यासारखीचा हिशोब सोपा!

एका लाकडी खेळण्यांच्या दुकानाशी मी थांबले. साठीचा माणूस, नखांत रंग. भोवरे मांडले होते. एक उचलला आणि माझं मन थेट चितारआळीत गेलं.

तिथल्या एका घरातला मुलगा माझ्या दहावीच्या वर्गात होता. घरात लाकडी फळं, पाट, भातुकली बनायची. 'मी मोठेपणी कोण होणार' या निबंधात त्याने लिहिलं, मी वडिलांसारखा चितारी होणार. हात सुंदर होता त्याचा. पण मी त्याला बोलावून सांगितलं, "यात पोट भरत नाही रे. परीक्षा दे, नोकरी बघ." गंजिफा आणि लाखकाम जगवायला राजघराण्याने १९७०च्या दशकात मोठे कष्ट घेतले, तरी आळीतली ओढाताण मी रोज बघत होते. त्याने ऐकलं. मुंबईत नोकरी लागली, पहिल्या पगारातून मला साडी आणली. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आले. त्या दिवशी मात्र भोवरा हातात धरून वाटलं, मी एक हात तर नाही ना थांबवला?

मैत्रिणीला बोलून दाखवलं. तिने गणिताच्या बाईसारखं त्या माणसालाच विचारायला लावलं, यावर घर चालतं का? लेकीने विचारलं. तो हसला. म्हणाला, बायकोची शाळेत नोकरी होती, तिच्या पगारावर आणि आरोग्यविम्यावर मुलं वाढली. मैत्रीण म्हणाली, "बघ. उगाच स्वतःला शिक्षा करू नकोस." भोवरा घेतला. पण समाधान काही होईना.

संध्याकाळी निरोप घेताना 'पुढच्या वेळी' हा शब्द दोघींपैकी कुणीच उच्चारला नाही. तिने नुसता माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

रात्री नऊला बाहेर अजून उजेड होता. नात घडीच्या टेबलावर भोवरा फिरवत होती. गाडी जराशी कलती उभी असावी, कारण दर वेळी तो एकाच बाजूला घरंगळायचा. भारतात रविवारची सकाळ झाली होती. धीर करून मी त्या मुलाला फोन लावला. मुलगा कसला, पन्नाशी उलटली त्याची! सरळच विचारलं, "नंतर कधी ब्रश धरलास का रे?"

"बाई, दरवर्षी गणपतीच्या आधी रजा टाकून गावी येतो की! आमच्या शाळेतल्या सगळ्या मूर्तींचे डोळे मीच आखतो." शाळा म्हणजे गणपतीची शाळा, जिथे मूर्ती घडतात.

इतकी वर्षं तो माझ्या पाया पडत आला आणि मी मात्र नोकरी कशी चालली आहे एवढंच विचारत आले. डोळे आखण्याचं मला ठाऊकच नव्हतं. माझा सल्ला बरोबर होता की चूक, हे त्यालाही विचारलं नाही. "यंदा केव्हा येणार?" एवढं विचारलं, आणि तेव्हा मीही येईन म्हटलं.

भोवरा त्याच्यासाठी ठेवला आहे. नातीला दुसरा घेऊन द्यावा लागणार, असो!