उघडे तांबे

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या तांब्याच्या फेनिगवर एक रानमाणूस उभा आहे. दाढी वाढलेली, कमरेला पानांचा वेढा, हाती मुळासकट उपटलेले झाड. हार्ट्झच्या डोंगरात चांदीच्या खाणी होत्या, तिथल्या लोककथांतला हा गडी. चांदीच्या थालरवरही तो मिरवतो, पण मला तो तांब्यावरच घरचा वाटतो. ही नाणी पाडणारा तिसरा जॉर्ज हॅनोव्हरचा आणि इंग्लंडचाही राजा. त्याच्याच अमदानीत, १८१८ साली, पुण्याची पेशवाई बुडाली.

असे २८८ फेनिग जमले की एक थालर होई. हातावर पोट असणाऱ्याला थालर क्वचितच दिसे. त्याचा पाव, त्याचे मीठ, चर्चच्या पेटीत टाकायचे दान, सगळे या तांब्यात.

याच मुलुखात जॉर्जच्या बऱ्याच आधी तांब्याला खोटे बोलायला लावले होते. १६१९ ते १६२३ हा तो काळ. तीस वर्षांचे युद्ध पेटलेले, फौजांना पैसा हवा. संस्थानिकांनी नव्या टांकसाळी उघडल्या, काही भाड्याने दिल्या. ब्रन्सविक-वोल्फेनब्युटेल त्यात आघाडीवर. चांगली जड नाणी तराजूवर निवडून वितळवायची आणि हिणकस नाणी बाजारात सोडायची. छोट्या नाण्यातली चांदी घटत घटत शेवटी तांब्यावरचा पातळ मुलामा तेवढा उरला. मजुरी त्याच नाण्यात मिळे आणि दुकानदार तेच नाणे घ्यायला नकार देई. १६२२ मध्ये माग्डेबुर्गात दंगल उसळली. दिवसभर राबून आणलेला पैसा संध्याकाळी कवडीमोल ठरावा, याहून मोठी लूट मला सुचत नाही.

म्हणूनच पुढच्या काळातल्या उघड्या तांब्यावर माझा जीव आहे. त्यावर मुलामा नाही, दावा मोठा नाही. सॅक्सनीने तर तांब्याचा फेनिग १७७२ साली कुठे सुरू केला. आखेनच्या हेलर नाण्यावर गरुड, रोस्टॉकच्या नाण्यावर ग्रिफिन, आउग्सबुर्गच्या नाण्यावर पाइनचे फळ. ज्याचे त्याचे नाणे ज्याच्या त्याच्या वेशीपर्यंत. गावोगाव काम शोधत फिरणाऱ्या कारागिराला मात्र हे जाचक होते. वेस ओलांडली की खिशातल्या तांब्याला कोण विचारणार?

१८७१ च्या कायद्याने जर्मनीभर मार्कचे शंभर फेनिग ठरले आणि १८७३ च्या कायद्यानंतर संस्थानांची जुनी नाणी हळूहळू मागे घेतली गेली. रानमाणूस गेला, ग्रिफिन गेला. मला त्यांची हळहळ वाटते, तरी त्या कारागिराच्या दृष्टीने झाले ते बरेच झाले.