गिअरबॉक्समधून निघालेली नागनदी

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपण अंबाझरीकडचे लोक विसरणार नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, आणि नागनदी थेट घरात. माणसं गेली, म्हाताऱ्यांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. त्यापुढे गाडीचं रडगाणं काय गायचं, म्हणून तेव्हा लिहिलं नाही. आज लिहितो, कारण गोष्ट गाडीची कमी अन् नदीची जास्त आहे.

माझी फॉर्च्युनर, फोर बाय फोर, ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. (फॉर्च्युनर म्हटलं की नागपुरात आधी विचारतात, कोणत्या पक्षात आहात? कोणत्याच नाही भाऊ, जंगलातले रस्ते आवडतात, बस.) पाणी सीटपर्यंत चढलं होतं. एकच शहाणपण केलं, चावी फिरवली नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन वाचलं. मला वाटलं, सुटलो. पण मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर घेतली, गिअरबॉक्सखालचा बोल्ट खोलला आणि म्हणाला, "या भाऊ, सरबत पाहून घ्या." ऑटोमॅटिकचं तेल लाल असते. खाली पडत होतं ते गुलाबी, फेसाळ, दुधात रूह अफजा टाकल्यासारखं. गिअरबॉक्सला हवा खेळायला वर एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की पाणी तिथूनही शिरते. आत क्लचच्या प्लेटांवर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असते, ते पाणी पिऊन फुगते अन् सुटते. म्हणून जेवढं लवकर तेल निघेल तेवढं बरं.

मी म्हटलं, काढा आणि नवीन टाका. इथंच खरी मेख आहे. आतलं तेल दहा लिटरच्या आसपास, बोल्ट खोलल्यावर निघतं त्यातलं साधारण एक तृतीयांश. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बसून राहते. चारदा काढून भरलं तरी पाचवा हिस्सा जुनंच उरते, हिशोब करून पाहा. शेवटी त्यानं तळाचा पॅन काढला, फिल्टर बदलला, लोहचुंबकांवरचा चिखलासारखा थर पुसला, कूलरची नळी सोडून इंजिन थोडं थोडं चालवत घाण बाहेर काढली अन् तेवढंच नवीन आत टाकलं. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तेल ठरलेल्या तापमानाला आलं की बाजूच्या भोकातून जेवढं सांडायचं तेवढं सांडू द्यायचं, मग लेव्हल बरोबर. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल वेगळं. खर्चाचा आकडा नाही सांगत, घरी माहीत नाही.

आता मुद्दा. गॅरेजमध्ये घाणेरड्या तेलाचे पाच कॅन भरले. इंजिनाचं काळं तेल घ्यायला माणूस येतो, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला ते विकलं जाते. पण हे पाणी मिसळलेलं सरबत त्याला नको. मग पोरगा सहज एक कॅन उचलून मागच्या नालीकडे निघाला. कुठं चालला रे? म्हणे, "नालीतच टाकतो ना काका, सगळेच टाकून राहिले."

ती नाली नागनदीत जाते. नागनदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे गोसीखुर्दचं धरण. जी नदी माझ्या गिअरबॉक्समध्ये आली, तिच्यातच तो गिअरबॉक्स रिकामा होऊन राहिला होता. मी ओरडलो. पोरगा बिचारा गोंधळला, त्याची काय चूक? त्या पुराआधी पाचच दिवस, 18 सप्टेंबरला, केंद्रानं वापरलेल्या तेलाचे नवे नियम काढले होते. 1 एप्रिल 2024 पासून ते लागू आहेत. तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी आहे. कागदावर चोख. त्या गॅरेजच्या दारात मात्र कॅन न्यायला कुणी आलं नाही. पूर आलेल्या वस्तीत अशा किती गाड्या होत्या, तुम्हीच आठवा.

पाचही कॅन मी घरी आणले. भंगारवाल्यानं दोनदा विचारलं, रिकामे करून देता का? डबे चांगले आहेत म्हणे. अजून पार्किंगमध्येच आहेत. पाणी खाली बसलंय, वर लाल तेल तरंगते. पावसाळा तोंडावर आला म्हणून परवा ते पहिल्या मजल्याच्या जिन्यावर चढवून ठेवले.