कापिशायनापासून दिंडोरीपर्यंत

पाणिनीच्या अष्टाध्यायीत कापिशी या नगरीच्या नावावरून 'कापिशायन' हे रूप सिद्ध करणारे एक सूत्र आहे. टीकाकारांनी त्याचे उदाहरण दिले ते मधूचे आणि द्राक्षांचे. कौटिल्यही द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हणतो. त्याची ओळख त्याच्या देशावरून होते असे सांगून तो कापिशायन आणि हारहूरक ही दोन नावे देतो. कापिशी आजच्या अफगाणिस्तानात, बेग्रामच्या परिसरात. मद्याला भूमीचे नाव देण्याची रीत फ्रान्सने जगाला शिकवली असे सर्रास मानले जाते. पण बोर्दो आणि बर्गंडीचा बोलबाला होण्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या व्याकरणाने आणि अर्थशास्त्राने तिची नोंद घेतली होती.

आम्ही दोघे शिरपूरला मराठी शिकवतो. इथून मुंबई-आग्रा महामार्गाने तापी ओलांडून धुळे, मालेगाव करीत नाशिककडे निघाले की चांदवडपर्यंत कोरडी माळराने सोबत करतात. पुढे पिंपळगाव बसवंतपासून द्राक्षांचे मांडव सुरू होतात आणि भूगोलाने कूस बदलल्यासारखे वाटते. हा मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांचा मुलूख. थॉमसन, सोनाका, शरद ही नावे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी घरच्या लेकरांसारखी असतात. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों हे त्या मानाने अलीकडचे पाहुणे. नारायणगावच्या इंडेजने 1980च्या दशकात फेसाळणारी वाइन केली आणि परदेशी बाजारात तिचे नाव ठेवले 'ओमर खय्याम'. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात सुलाची पहिली वाइन 2000 साली आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' या लाल वाइनच्या बाटलीवर एका तालुक्याचे नाव छापलेले दिसते तेव्हा कौटिल्याच्या त्या विधानाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

लाल वाइनचा लाल रंग रसाचा नसतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग असतो सालीत. म्हणून रस साली-बियांसकट आंबवतात. त्या सहवासात साल आपला रंग देते आणि जिभेवर रेंगाळणारा तुरटपणाही देते. खाण्याच्या द्राक्षाची पातळ साल आणि बीहीनता हे त्याचे गुण. वाइनचे द्राक्ष मात्र लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. नाशिकला तिला अशी झोप मिळत नाही, म्हणून कात्रीने तिचे ऋतू ठरवावे लागतात. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी. दिवसाचे ऊन साखर भरते, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो. दिंडोरीची चव म्हणजे या छाटण्यांची, या उन्हाची आणि या थंडीची चव.

या चवीला किंमतही मोजावी लागली आहे. 2008च्या मंदीनंतर मागणी आटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. पेल्याचे रसग्रहण करणाऱ्याने ही उपटलेली वेल विसरू नये.

आमच्यापुढचा प्रश्न मात्र भाषेचा आहे. मराठी साहित्यात मद्य आहे, पण चव क्वचितच. खाडिलकरांच्या 'विद्याहरण'मध्ये शुक्राचार्यांच्या हातून अनर्थ घडवते ती मदिरा. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मध्ये सुधाकराचा संसार उद्ध्वस्त करते ती दारू. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, 'द्राक्षकन्या' हा सुंदर शब्दही दिला. परंतु तिथला प्याला पुष्कळसा तत्त्वज्ञानाचा आहे. पाप आणि प्रतीक या दोन टोकांच्या मध्ये वस्तू म्हणून मद्य आपल्या गद्यात फारसे उतरलेच नाही.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात 'एकच प्याला' चालू असताना सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येणारा आमचा विद्यार्थी उभा राहिला. तो म्हणाला, "सर, नाटकात दारू बाहेरून घरात येते. आमच्याकडे ती पूजेलाच लागते. मग आमच्या घरात तळीराम कोणाला म्हणायचं?" वर्ग हसला. तो हसला नाही, आम्हीही हसलो नाही.

शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. तिथे चैत्राच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळतात आणि पावरा बायका-मुले ती वेचतात. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची भट्टी गुन्हा ठरवली. ब्रिटिश गेले, 1949चा दारूबंदी कायदा आला, आणि मोहाच्या वाट्याला 'हातभट्टी' हा पोलिसी शब्द कायमचा चिकटला. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे, ते शेतीचे उत्पादन' असा युक्तिवाद ऐकू आला. विरोधानंतर तो निर्णय अमलात आला नाही, पण युक्तिवाद मागे उरला. द्राक्ष हे शेतीचे उत्पादन असेल, तर मोहाचे फूल कशाचे?

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. सिंधूचे दुःख या तालुक्यात आजही जुने झालेले नाही. वाइन आंबवलेली आणि मोहाची दारू गाळलेली, हा फरकही आम्ही जाणतो. म्हणून मोहाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकाच राज्यात एका पेल्याला 'संस्कृती' आणि दुसऱ्याला 'व्यसन' म्हणणारी भाषा चवीबद्दल काही सांगत नाही; पिणारा कोण, एवढेच सांगते.

कौटिल्याने मद्यावर कर बसवला, पहारा बसवला. तरी प्रत्येक मद्याचे द्रव्य, कृती आणि देश त्याने तटस्थपणे नोंदवले. ती तटस्थता आम्हांला समीक्षेचीही पहिली अट वाटते. त्या विद्यार्थ्याला आम्ही लेखनाचा विषय दिला आहे: आपल्या पाड्यावरच्या मोहाचे वर्णन कर, निंदा नको, स्तुती नको. वही अजून आमच्याकडे आलेली नाही. येईल तेव्हा मराठीला कदाचित एका चवीचे नाव मिळेल.