रोजचं इंजिन

आमचं गाव शेणोली आणि भवानीनगर या दोन स्टेशनांच्या मधे. शेणोली सातारा जिल्ह्यात, भवानीनगर सांगली जिल्ह्यात. पुणे-मिरज लाईन आमच्या शिवारातनं जाते आणि तिच्यावर जे फाटक होतं, तिथं आबा गेटमन होते. आई म्हणायची, "ह्यांचा एक पाय साताऱ्यात नि एक सांगलीत. घरात मातूर एकबी न्हाई." खोटं नव्हतं ते. बारा-बारा तासांची पाळी असायची. मी आठवीत जाईस्तोवर आबांशी जे काही बोललो असेन, ते बहुतेक फाटकावरच.

भाकरी घेऊन फाटकावर जायचं काम माझं. त्यातनंच इंजिनाचं वेड लागलं. 1971 साली मीटरगेज जाऊन मोठी लाईन आली, तेव्हा मी तीन वर्षांचा. त्यामुळं आमच्या लाईनीवरचं वाफेचं इंजिन मला आठवत नाही. मला आठवतं ते डिझेल. त्याचं नाव डब्ल्यूडीएम-2 हे मला फार पुढं कळलं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी नि माल दोन्ही ओढणारं. मूळ अमेरिकेच्या आल्को कंपनीचं डिझाईन, 1964 पासून बनारसच्या कारखान्यात बनत होतं. सोळा सिलिंडर, 2600 हॉर्सपॉवर. आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नुसतं उभं असलं की ते धक्‌धक् करत थोडं अडखळायचं, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखं. ड्रायव्हरनं जोर दिला की टपावरनं काळा धूर भसकन वर यायचा. कोयना एक्स्प्रेसला तेच, पॅसेंजरला तेच, साखरेच्या नि खताच्या मालगाडीला तेच. दिवसातनं किती वेळा बघितलं असेल, मोजदाद नाही.

पुढं सांगलीला शिकायला गेलो, तिथंच शाळेत नोकरी लागली. तिथं मला माझ्यासारखेच चार वेडे भेटले. एक बँकेत होता, एक कारखान्यात ड्राफ्ट्समन, एक मिरजेच्या दवाखान्यात कंपाउंडर. रविवारी मिरज जंक्शनला जमायचं. मिरज त्या काळी रेल्वेवेड्यांची पंढरीच. पुणे-कोल्हापूरची 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज, लोंढ्याकडं जाणारी मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी अडीच फुटी बार्शी लाईट. तीन मापांचे रूळ एका गावात. चहा घ्यायचा आणि भांडायचं.

भांडण एकच. कुठलं इंजिन बघण्यासारखं? कंपाउंडर म्हणायचा, जे क्वचित दिसतं ते. नव्या रंगातलं, परक्या शेडचं, लवकरच जाणारं. "रोजच्या डब्ल्यूडीएम-2 वर फिल्म कशाला घालवायची? छत्तीस फोटो असतात रोलमधे." ड्राफ्ट्समन त्याच्या उलट. तो फोटो काढायचाच नाही. खिशात लांबोडकी वही, तिच्यात येईल त्या इंजिनाचा नंबर, तारीख, गाडी. मालगाडी असो, नुसतं एकटं इंजिन चाललेलं असो, तो लिहिणारच. आम्ही त्याला तलाठी म्हणायचो. तो म्हणायचा, "अरे, सातबारा लिहिताना तलाठी चांगलं रान, वाईट रान असं बघतो का? आहे ते लिहायचं." बँकवाल्याला फक्त आवाजाशी देणंघेणं. डोळे मिटून ऐकायचा. पुढं जनरल मोटर्सच्या धर्तीची 4000 हॉर्सपॉवरची इंजिनं आली, तेव्हा तो महिनाभर दुखवटा असल्यासारखा वागत होता. आल्कोचा आवाज गेला म्हणून.

मी कंपाउंडरच्या पार्टीत. पगार बेताचा, कॅमेरा सेकंडहँड, रोल महाग, धुवून घेणं त्याहून महाग. मग वेगळं दिसेल तेच टिपायचं, हे मला पटत होतं.

एकदा या तिघांना गावाला नेलं होतं. आई बाजरीची भाकरी नि वांगं करून फाटकावरच घेऊन आली. जेवताना 1943 ची गोष्ट निघाली. त्या वर्षी 7 जूनला शेणोलीजवळ तुफान सेनेच्या लोकांनी रेल्वेच्या पगाराची गाडी अडवून पैसा प्रतिसरकारच्या कामाला नेला. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ यांची नावं आमच्या भागात आजही घराघरांत घेतात. आबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांनी काही बघितलं नव्हतं, पण त्यांच्या वडलांकडनं ऐकलेलं सगळं सांगितलं. तलाठ्यानं वही काढली नि विचारलं, "आबा, त्या गाडीला इंजिन कुठलं होतं?"

आबा त्याच्याकडं बघतच राहिले. "आरं बाबा, इंजान कोण बघतंय? मागच्या डब्यात काय हुतं, त्येच्यापायी झालं की सगळं."

आम्ही हसलो. तेवढ्यात फोन खणखणला. मालगाडी सुटल्याचा निरोप. आबांनी नंबर लिहून घेतला, फाटक पाडलं, हिरवा बावटा घेऊन उभे राहिले. आम्ही चौघं इंजिनाकडं बघत होतो. इंजिन गेलं तसं आम्ही पाठ फिरवून पुन्हा भाकरीकडं वळलो. आबा मात्र तसेच उभे. मान खाली, नजर चाकांवर. एखादा ॲक्सल तापलाय का, ब्रेक धरून बसलाय का, काही लोंबकळतंय का, आणि शेवटी शेवटच्या डब्याची खूण आहे का. ती दिसल्यावरच त्यांनी बावटा गुंडाळला.

मी विचारलं, "आबा, तुम्हाला कुठलं इंजिन आवडतं?"

"म्या कवा बघितलंय?" ते म्हणाले. "मीटरगेजला गँगमधी हुतो तवा वायपी बघायचो, काळं, धुरानं माखल्यालं. पर फाटकावर आल्यापासनं इंजान म्होरं जातंय नि मी मागचं बघतोय. आपल्या फाटकाव इंजनाचं काम न्हाई. काम मागचंच."

बँकवाला म्हणाला, "आबा म्हणजे आमचा पाचवा पक्ष."

1992 च्या मे महिन्याच्या अखेरीस आबा निवृत्त झाले. अठ्ठावन्न पुरी झाली होती. त्या दिवशी मी गावात असायला हवं होतं. आईनं निरोप धाडला होता, पुरणपोळीचा बेत आहे, लवकर ये. पण त्याच वर्षी सगळीकडचे रूळ एका मापाचे करायचा रेल्वेचा कार्यक्रम जाहीर झालेला. मिरजेचं मीटरगेज आता थोड्या दिवसांचं पाहुणं. कंपाउंडर सकाळी सायकलवर दारात आला. म्हणाला, वाफेचं इंजिन आलंय, रंगरंगोटी केलेलं, परत दिसेल न दिसेल. मी विचार केला, दुपारपर्यंत फोटो काढतो, तिसऱ्या प्रहरी गाडी पकडतो, दिवेलागणीआधी फाटकावर पोचतो.

ते इंजिन यार्डातनं बाहेर यायलाच तीन वाजले. मग उजेड चांगला नव्हता म्हणून आणखी थांबलो. पूर्ण रोल त्याच्यावर संपवला. गावाला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेलेले.

आई बोलली नाही. ताट झाकून ठेवलं होतं. शेजारच्या चुलत्यानं सांगितलं, स्टेशनचे लोक हार घेऊन आले होते. गँगमधली जुनी माणसं आली होती. संध्याकाळच्या मालगाडीच्या ड्रायव्हरला कुणीतरी कळवलं असावं. त्यानं फाटकापाशी गाडी हळू केली, लांबलचक भोंगा दिला आणि खिडकीतनं हात जोडले. आबा हार गळ्यात घालून बावटा धरून उभे. त्या वेळीही ते चाकंच बघत होते म्हणे. "कोण हुतं पुढं?" मी विचारलं. चुलता म्हणाला, "कोण म्हंजे? रोजचंच डिझेल."

आबा अंगणात बाजेवर पडले होते. मला बघून उठून बसले. "घावलं का इंजान?"

"घावलं."

"बरं झालं," ते म्हणाले. "त्ये काय परत याचं न्हाई."

ते टोमणा म्हणून बोलले नव्हते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

रोल धुवून आला, तेव्हा छत्तीसातले दोन फोटो बरे निघाले. बाकीच्यांत धूर आणि खांब. ते दोन फोटो अजून माझ्याकडं आहेत. त्या फाटकावर उभे असलेले आबा मात्र एकाही फोटोत नाहीत. एकवीस वर्षं ते तिथं होते. मी शेकडो वेळा कॅमेरा गळ्यात घालून त्यांच्याजवळ उभा राहिलो होतो. पण रोजच्या माणसावर, रोजच्या जागेवर फिल्म कोण घालवतो?

इंजिनांचंही तेच झालं. डब्ल्यूडीएम-2 बनारसला अडीच हजारांहून जास्त बनली. तेवढी बनली म्हणूनच आम्ही ती मोजत नव्हतो. एक दिवस लक्षात आलं, की ती दिसेनाशी झालीत. एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलंय. तिकिट काढून लोक बघायला जातात. आमच्या शिवारातनं जाणाऱ्या त्या इंजिनाचा एक फोटो मिळेल का, म्हणून मी सगळ्यांकडं विचारलं. कंपाउंडरच्या आल्बमात शंभरावर फोटो, पण सगळे नवलाईचे. तलाठ्याच्या वह्यांत मात्र पानंच्या पानं भरलेली. मी 1992 च्या मेमधलं शेवटचं पान काढायला सांगितलं. त्या दिवशी तो मिरजेला आमच्याबरोबर आला नव्हता. सांगली स्टेशनावर बसून होता. संध्याकाळी पुण्याकडं गेलेल्या मालगाडीपुढं त्यानं एक नंबर लिहिला होता. आबांना भोंगा देणारं इंजिन तेच असेल, असं मी धरून चाललोय. नंबर मी उतरवून घेतला. कुणाला सांगितला तर त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2016 साली आबा ब्याऐंशीचे, माझ्याकडं सांगलीला. लातूरला त्या उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट होता. कोट्याहून वाघिणी वाफेनं धुवून मिरजेला आणल्या होत्या आणि त्यांत कृष्णेचं पाणी भरून रेल्वेनं लातूरला पाठवायचं ठरलं. 11 एप्रिलला पहिली गाडी निघायची होती. सकाळी आबा धोतर नेसून, फेटा बांधून तयार. "मला दाव."

मिरजेला आम्ही रुळांपासनं लांब, गर्दीच्या मागं उभे राहिलो. कंपाउंडर आला होता. त्याचा चेहरा उतरलेला. "इंजिन साधंच जोडलंय रे. मालगाडीचं डिझेल." ड्राफ्ट्समननं नंबर लिहून घेतला. आता त्याचा हात कापायचा, आकडे तिरके यायचे.

गाडी हलली. लोकांनी हार घातलेलं इंजिन पुढं गेलं, मोबाईल वर झाले, मग सगळ्यांच्या माना त्याच्यामागं वळल्या. आबांची वळली नाही. कपाळाला हात लावून ते खाली चाकांकडं बघत होते आणि ओठांत मोजत होते. एक, दोन, तीन. दहा वाघिणी. एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख. पुढं पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली, पण त्या दिवशी दहाच होत्या. शेवटची गेल्यावर आबांचा उजवा हात आपसूक कमरेपाशी आला, बावटा गुंडाळायला. हातात काही नव्हतं. त्यांनी तो धोतराला पुसला.

"समदं ठीक हाय," ते म्हणाले. "जाईल लातुरापातूर."

मी त्या वेळी मोबाईल काढला होता. इंजिनाचा फोटो घ्यायचा राहिला. जो निघाला त्यात पाण्याची एक वाघीण अर्धी, आणि पुढ्यात आबांचा फेटा, पाठमोरा. कंपाउंडरनं तो बघून म्हटलं, "हलला की रे. आणि इंजिन कुठंय?"

आबा पुढच्या वर्षी गेले. आता आमच्या लाईनीवर विजेच्या तारा आल्या. फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झालाय, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साठतं. 2024 पासनं वंदे भारत जाते. तिला पुढं इंजिनच नाही. माझा लेक ती आली की पळतो आणि बाकीच्या गाड्यांकडं ढुंकून बघत नाही. मी त्याला काही म्हणत नाही. मीही त्या वयात तसाच होतो.

फक्त मागच्या दिवाळीत गावाकडं होतो, तेव्हा त्याला म्हटलं, आता मालगाडी येईल, तिचा फोटो काढ.

"कशाला पप्पा? रोजचीच आहे ती."

"काढ," मी म्हटलं. "आणि शेवटचा डबा जाईपर्यंत थांब."